पंचवीस वचनांचं पत्र आणि वाचणाऱ्यांची बैठक

चर्चमधली रविवारची उपासना बाहेरच्या माणसाला साधारण ठाऊक असते. गीतं, प्रार्थना, पाळकांचा उपदेश, अधूनमधून प्रभुभोजन. पण बऱ्याच ख्रिस्ती मंडळ्यांत आठवड्यातून एकदा आणखी एक बैठक भरते, आणि तिच्याविषयी बाहेर फारसं कुणी बोलत नाही. कुणाच्या तरी घरी नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये आठ-दहा माणसं जमतात, प्रत्येकाच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडलेलं असतं, आणि एखादा अध्याय वचनामागून वचन वाचत त्यावर बोलणं चालतं. मराठी ख्रिस्ती घरांत याला सरळ ‘बायबल स्टडी’ म्हणतात. हे पारायण नव्हे. पारायणात ठरल्या दिवसांत ग्रंथ पुरा व्हावा लागतो. इथे दोन वचनांवर तास गेला तरी कुणाची तक्रार नसते. हे प्रवचनही नव्हे, कारण इथे ऐकणाऱ्याला मध्येच थांबवून ‘हे कुठे लिहिलंय?’ असं विचारता येतं. निदान विचारता यायला हवं. असा अभ्यास खोल कशाने होतो, या प्रश्नाला एक सोपं उत्तर तयारच असतं: हिब्रू आणि ग्रीक जाणणारा शिक्षक, चांगले टीकाग्रंथ, नकाशे, शब्दसूची. ही साधनं हवीतच. पण दोन हजार वर्षांत बायबल कसं वाचलं गेलं हे पाहिलं तर दिसतं की साधनं भरपूर असूनही वाचन उथळ राहिलं, आणि हाती काहीच नसताना ते खोल गेलं, असं वारंवार घडलं आहे. अभ्यासाची खोली सर्वांत जास्त ठरते ती बैठकीत कोण कोण बसलं आहे आणि त्यातल्या कुणाला तोंड उघडायची मुभा आहे यावरून, असं माझं म्हणणं आहे. ते तपासायला बायबलमधला एक अगदी लहान मजकूर पुरेसा आहे.

फिलेमोनाला लिहिलेलं पत्र हे नव्या करारातलं पौलाचं सगळ्यात छोटं पत्र. एकच अध्याय, २५ वचनं. पौल तुरुंगात आहे. अनेसिम नावाचा एक दास त्याच्यापाशी आला आणि त्याच्या शिकवणीने ख्रिस्ती झाला. या दासाचा धनी फिलेमोन, तोही पौलामुळेच विश्वासात आलेला. आता पौल अनेसिमला धन्याकडे परत पाठवतो आहे. एकट्याने भरभर वाचलं तर हे एक गोड शिफारसपत्र वाटतं आणि आपण पान उलटतो. बैठकीत मात्र पहिल्या दोन वचनांतच कुणीतरी अडतं. पत्र एकट्या फिलेमोनाला लिहिलेलंच नाही! त्यात अप्फिया आहे, अर्खिप्प आहे, आणि फिलेमोनाच्या घरी जमणारी सगळी मंडळी आहे. त्या काळी चर्चच्या इमारती नव्हत्या, मंडळी कुणाच्या तरी घरीच जमायची आणि आलेली पत्रं मोठ्याने वाचली जायची. म्हणजे धन्याच्या मालमत्तेचा हा खासगी मामला पौलाने भर मंडळीत, कदाचित घरातल्या इतर दासदासींच्या देखत, अनेसिमच्या समोर वाचला जाईल अशी तजवीज केली आहे. मग एकेक वचन वेगळं दिसू लागतं. मी तुला हुकूम करू शकलो असतो पण विनंती करतो, असं पौल म्हणतो. अनेसिमचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असं तो स्वतःच्या हाताने लिहून देतो, आणि लगेच, तू माझं काय देणं लागतोस ते मी काढत नाही, असं म्हणत ते काढतोही. त्याला दास म्हणून नव्हे तर प्रिय भाऊ म्हणून घे, असं सोळाव्या वचनात आहे. मी सांगतो त्याहून जास्तच तू करशील याची खात्री आहे, असंही आहे. आणि शेवटी, जाता जाता, माझ्यासाठी राहायची सोय करून ठेव. एकट्याने वाचताना हे वचन सहज निसटतं. पण ज्यांनी घर चालवलं आहे, उधारी वसूल केली आहे किंवा चुकवली आहे, त्यांच्या ते पटकन ध्यानात येतं. पाहुणा येतोय तो नुसता राहायला नाही, काय झालं ते बघायला येतोय.

आता हेच पत्र १८३३ साली अमेरिकेत कसं वाचलं गेलं ते पाहू. जॉर्जिया राज्याच्या लिबर्टी काउंटीत चार्ल्स कोलकॉक जोन्स नावाचा गोरा प्रेस्बिटेरियन पाळक गुलामांमध्ये धर्मशिक्षणाचं काम करत असे. तो स्वतः मळेवाला आणि गुलामांचा मालक होता. माणूस शिकलेला, कामाशी प्रामाणिक, आणि गुलामांच्या आत्म्याची काळजी वाहणारा. एकदा मोठ्या जमावापुढे त्याने फिलेमोनाच्या पत्रावर उपदेश केला आणि पौलाच्या नावाने सांगितलं की धन्याशी इमान राखा, पळून जाऊ नका. पुढे काय झालं ते त्यानेच आपल्या अहवालात प्रामाणिकपणे नोंदवलं आहे. अर्धा जमाव उठून चालता झाला. जे बसून राहिले त्यांचाही रागरंग ठीक नव्हता. उपदेश संपल्यावर कुणी म्हणालं, असलं पत्र बायबलमध्ये नाहीच. कुणी म्हणालं, ही सुवार्ता नव्हे. कुणी म्हणालं, हा मालकांना खूश करायला बोलतो. गुलामांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर जॉर्जियात १८२९ च्या कायद्याने बंदी होती, त्यामुळे पुस्तक उघडून शहानिशा करणं त्या श्रोत्यांपैकी बहुतेकांच्या हातात नव्हतं. असलं पत्रच नाही, हे म्हणणं अर्थातच चूक. पण पत्र उघडून पाहिलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. अनेसिम पळून गेला होता, असं त्या २५ वचनांत कुठेही लिहिलेलं नाही. तो काही काळ तुझ्यापासून दूर झाला, असं आहे; त्याने तुझं काही नुकसान केलं असेल तर, असं जर-तर आहे. पळाला, चोरी केली, ही गोष्ट नंतरच्या व्याख्यात्यांनी भरून काढली. चौथ्या शतकातला योहान ख्रिसोस्तोम हा त्यांतला मोठा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही अभ्यासकांनी रोमन कायद्याकडे बोट दाखवलं: धन्याशी बिनसल्यावर मध्यस्थी करावी म्हणून धन्याच्या मित्राकडे जाणारा दास कायद्याने पळपुटा ठरत नसे. तसं पाहिलं तर अनेसिम पौलाकडे कशासाठी गेला हे पुन्हा विचारावं लागतं. लिबर्टी काउंटीतल्या माणसांना रोमन कायदा ठाऊक नव्हता. पण उपदेशात सांगितलेलं पत्र आणि बायबलमधलं पत्र यांत कुठेतरी खोट आहे, हे त्यांनी हेरलं होतं.

जोन्सकडे ज्ञान कमी पडलं, असं कुणी म्हणेल तर त्याच काळातल्या एका मोठ्या पंडिताकडे पाहावं. मोझेस स्टुअर्ट हा अँडोव्हर सेमिनरीतला प्राध्यापक. अमेरिकेत हिब्रूच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्याचं नाव अग्रक्रमाने येतं. मराठी वाचकाला ही सेमिनरी अगदीच परकी नाही, कारण १८१३ मध्ये मुंबईत आलेले पहिले अमेरिकन मिशनरी याच सेमिनरीतून शिकून आले होते. १८५० मध्ये अमेरिकेत पळालेल्या गुलामांना पकडून परत देण्याचा कायदा येऊ घातला तेव्हा या स्टुअर्टने पुस्तक लिहून त्यामागच्या भूमिकेची पाठराखण केली, आणि दाखला दिला तो पौलाने अनेसिमला परत पाठवल्याचा. ग्रीक त्याला उत्तम येत होतं. ज्यांच्या पायांत बेड्या पडणार होत्या त्यांतला एकही जण मात्र त्याच्या अभ्यासिकेत नव्हता. काहींना तर ही माणसं बैठकीत नकोत याची पक्की जाणीव होती. १८०७ मध्ये लंडनमध्ये वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलमधले ‘निवडक भाग’ छापले गेले. या पुस्तकाला आता गुलामांचं बायबल म्हणतात. जुन्या कराराचा बहुतांश भाग आणि नव्या करारातला जवळपास निम्मा त्यातून गाळलेला होता. योसेफ मिसरात गुलाम होऊन चांगला वागला ही कथा ठेवली. मोशेने लोकांना मिसरातून बाहेर काढलं ती गाळली. दासांनी धन्याची आज्ञा पाळावी हे इफिसकरांच्या पत्रातलं वचन ठेवलं. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही हे गलतीकरांच्या पत्रातलं काढलं. छापणाऱ्यांना बायबल कळलं नव्हतं असं कोण म्हणेल? कोणतं पान कुणाच्या हाती पडलं तर कसं वाचलं जाईल, हे त्यांना नेमकं कळलं होतं.

बायबलमध्येच वाचनाच्या बैठकींची जी वर्णनं आहेत ती या दृष्टीने बोलकी आहेत. नहेम्याच्या आठव्या अध्यायात बाबिलोनच्या बंदिवासातून परतलेले लोक यरुशलेमात पाणवेशीपुढच्या चौकात जमतात आणि एज्रा शास्त्री नियमशास्त्र वाचतो. मजकूर मुद्दाम सांगतो की जमावात पुरुष होते, स्त्रिया होत्या आणि ज्यांना ऐकून समजत होतं असे सगळे होते. लेवी लोकांना अर्थ उलगडून सांगत होते. प्रेषितांच्या कृत्यांत बिरुया गावचे लोक खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात ताडून पाहतात आणि लेखक त्यांना त्याबद्दल थोर मनाचे म्हणतो. पौलासारख्या प्रेषिताला कागदपत्रं दाखवायला लावणारे हे लोक आजच्या काही पाळकांना कितपत आवडले असते, हा प्रश्नच आहे.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो मराठी वाचकाकडूनच येईल. पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक, मराठी ख्रिस्ती इतिहासातली ही दोन सर्वांत मोठी नावं, एकट्यानेच वाचत वाचत ख्रिस्ताकडे आली ना? रमाबाईंच्या हाती लूककृत शुभवर्तमान सिलचरला असताना लागलं. टिळकांना नवा करार आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने दिला. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण वाचनाची सुरुवात एकट्याने होणं वेगळं आणि अभ्यास एकट्याने पुरा होणं वेगळं. रमाबाईंचा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे बाप्तिस्मा झाला, आणि त्यानंतर तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचण्यासारखा आहे. त्रैक्याचा सिद्धान्त शास्त्रात कुठे आहे, चर्चने ठरवलेली विश्वासाची कलमं मी का मानावीत, असे प्रश्न त्या न थकता विचारत होत्या. जेराल्डिनना तो अहंकार वाटे. चेल्टनहॅम लेडीज कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांनी मात्र ओळखलं होतं की या बाईला प्रश्न विचारू देण्यातच शहाणपण आहे. ही बैठक टपालातून चालली एवढंच, पण ती होती बैठकच, आणि तिच्यात हार न मानणारी एक विद्यार्थिनी होती. पूर्ण एकट्याने केलेल्या अभ्यासाचं उदाहरण पाहायचं तर न्यूयॉर्क राज्यातल्या विल्यम मिलर या शेतकऱ्याचं पाहावं. १८१६ पासून दोनेक वर्षं त्याने टीकाग्रंथ बाजूला सारून, केवळ एक शब्दसूची हाताशी घेऊन, बायबल ओळीओळीने अभ्यासलं. चिकाटी वाखाणण्यासारखी. दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांची त्याने वर्षं केली, बेरीज मांडली आणि ख्रिस्त १८४३ च्या सुमारास परत येणार असं काढलं. पुढे तारीख २२ ऑक्टोबर १८४४ अशी पक्की झाली. हजारो लोक वाट पाहत बसले. काहीच घडलं नाही.

त्या हजारोंमुळेच दुसरा आणि जास्त वजनदार आक्षेप उभा राहतो. मिलरभोवतीही माणसं जमलीच होती. मग बैठक काय कामाची? गट तर माणसाचे पूर्वग्रह आणखी पक्के करतो. हा आक्षेप उडवून लावता येणार नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चचा इतिहास त्याचा सज्जड पुरावा आहे. तिथे बायबलवर मनापासून निष्ठा होती, घरोघर वाचन होतं, युरोपात शिकून आलेले विद्वान होते. आणि तिथेच १९७४ मध्ये चर्चच्या सर्वोच्च सभेपुढे एक अहवाल आला, ज्यात बाबेलच्या बुरुजाची कथा आणि देवाने राष्ट्रांच्या सीमा ठरवल्या हे प्रेषितांच्या कृत्यांतलं वचन यांच्या आधाराने वंशांनी वेगवेगळं राहण्याचं समर्थन केलं होतं. गट होता, अभ्यास होता, आणि निष्कर्ष भीषण होता. पण या चर्चच्या इतिहासात शंभरेक वर्षं मागे गेलं की रोगाचं मूळ सापडतं. १८५७ च्या सभेत असं ठरलं होतं की सर्व वर्णांच्या लोकांनी एकत्र उपासना करणं शास्त्राला धरूनच आहे, पण काहींच्या ‘दुर्बलतेमुळे’ वेगळं बसायला हरकत नाही. १८८१ मध्ये मिश्रवर्णीयांसाठी वेगळं चर्चच निघालं. बैठकीतून माणसं आधी गेली, अर्थ नंतर बिघडला. क्रम असा आहे. आणि दुरुस्ती कुठून आली तेही पाहण्यासारखं आहे. १९८२ मध्ये त्या वेगळ्या काढलेल्या चर्चनेच, केपटाउनजवळच्या बेलहार इथे, एक विश्वासपत्र तयार केलं. मंडळीच्या ऐक्यावरची बायबलवचनं पुढे मांडून वर्णाच्या नावाने केलेली ताटातूट सुवार्तेच्या विरुद्ध आहे, असं त्यात म्हटलं होतं. १९८६ मध्ये ते रीतसर स्वीकारलं गेलं. १९९० मध्ये रस्टेनबर्गच्या परिषदेत स्टेलेनबॉशचे ईश्वरविद्येचे प्राध्यापक विली योंकर यांनी आपल्या गोऱ्यांच्या चर्चच्या वतीने जाहीर पापकबुली दिली. तेव्हा गट वाईट नसतो, निवडून घेतलेला गट वाईट असतो. एकसारख्या माणसांची बैठक म्हणजे एकट्याचंच वाचन, फक्त आवाज मोठा.

तिसरा आक्षेप पंडितांचा: मग प्रत्येकाने आपापल्या अनुभवातून वाटेल तो अर्थ काढावा की काय? मुळीच नाही. बैठकीत कुणाचाही अनुभव प्रश्न विचारायला पुरतो, उत्तर म्हणून चालत नाही. उत्तर मजकुरात दाखवावं लागतं. अनेसिमला मुक्त कर असं पौलाने स्पष्ट लिहिलेलं नाही, आणि ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं वाटणाऱ्यालाही ते मान्य करावं लागतं. पौलाने का लिहिलं नाही, यावर वाद घालता येतो. त्या जागी आपलं वाक्य घुसडता येत नाही. इथेच शिकलेल्या माणसाची गरज लागते: ग्रीक वाक्य काय सांगू शकतं आणि काय नाही, पहिल्या शतकातलं दास्य कसं होतं, हे सांगायला. नाहीतर आपण आपल्या आजच्या दुकानदारीचे आणि घरगड्यांचे नियम त्या पत्राला लावतो. शास्त्रीय अभ्यासाने श्रद्धा ढासळते अशी भीती घालणारेही असतात. कॅथलिक चर्चमध्ये ही भीती दीर्घकाळ होती. पोपच्या १९४३ च्या परिपत्रकाने तिथे मूळ भाषा आणि वाङ्मयप्रकार यांच्या अभ्यासाला मोकळीक मिळाली, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये सामान्य श्रद्धावंतांसाठीही बायबलचं दार सताड उघडलं. चर्च काही कोसळलं नाही. उलट वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटोंसारख्या धर्मगुरूने ‘सुबोध बायबल’ सिद्ध करावं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळावा, हे त्या उघडलेल्या दारातूनच झालं.

मराठी भूमीत बायबलचं वाचन सुरुवातीपासून अनेक आवाजांतून आलं आहे. इंग्रज जेसुइट थॉमस स्टीफन्सने १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापलेलं ‘ख्रिस्तपुराण’ म्हणजे जुन्या-नव्या कराराची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत. ते चर्चमध्ये जमलेल्या लोकांपुढे वाचलं-गायलं जायचं. त्याच्या रचनेत नव्याने ख्रिस्ती झालेले लोक शंका विचारतात आणि पाद्री गुरू त्यांना उत्तरं देतो. प्रश्न लेखकानेच त्यांच्या तोंडी घातले हे खरं. पण श्रोत्याच्या प्रश्नाशिवाय ही कथा इथल्या मातीत धरणार नाही, एवढं त्याने ओळखलं होतं. तीनशे वर्षांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हे प्रश्न लेखकाच्या हातून निसटून खऱ्या माणसांच्या तोंडी आले. दुष्काळातून आलेल्या मुली, टाकलेल्या बायका, विधवा यांच्या वस्तीत राहून रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचं मराठी भाषांतर केलं. न शिकलेल्या बाईला ऐकून समजावं ही त्यांची कसोटी होती. खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचं काम मुक्तीतल्या बायकांनी केलं. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. १९२४ मध्ये ग्रंथ पुरा छापून निघाला. जुन्या शास्त्रपरंपरेने ज्यांना वेदाच्या आसपास फिरकू दिलं नसतं अशा बायकांच्या बोटांखालून शास्त्राचं अक्षर न् अक्षर गेलं, याचं मोल भाषांतराच्या गुणदोषांपलीकडचं आहे.

आणखी अलीकडचं उदाहरण अरविंद निर्मळ यांचं. दलित ईश्वरविद्येची सुरुवात ज्यांच्या १९८१ मधल्या बंगळूरच्या भाषणापासून धरतात ते हे मराठी ख्रिस्ती अभ्यासक. अनुवादाच्या सव्विसाव्या अध्यायात पहिल्या पिकाची टोपली घेऊन वेदीपुढे येणाऱ्या इस्राएली माणसाने काय म्हणावं ते सांगितलं आहे: माझा पूर्वज एक भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आमचा छळ झाला, आम्ही हाक मारली, देवाने ऐकली. जर्मन पंडित गेरहार्ड फॉन राड यांनी १९३८ मध्येच दाखवून दिलं होतं की हे इस्राएलचं जुनं विश्वासवचन आहे. निर्मळांनी पुढचा प्रश्न विचारला. देवापुढे उभं राहताना हा माणूस आपलं हलाखीचं मूळ लपवत नाही, उलट तिथूनच सुरुवात करतो. मग महार-मांग घरांतून आलेल्या ख्रिस्ती माणसाने आपलं मूळ विसरून विश्वास कबूल करावा अशी अपेक्षा का? फॉन राड यांच्या अभ्यासाशिवाय हा प्रश्न इतका नेमका झाला नसता, आणि फॉन राड यांना तो सुचला नसता. खोल अभ्यास म्हणतात तो हा. एकाने मजकुराचं हाड दाखवायचं आणि दुसऱ्याने ते कुणाच्या अंगातलं आहे ते ओळखायचं.

या कसोटीवर आजच्या मराठी मंडळ्या कुठे बसतात? अहमदनगरच्या जुन्या मंडळीत ब्राह्मण घरांतून आलेले हरिपंत खिस्ती आणि महार समाजातून आलेली माणसं एकाच प्रभुभोजनाला बसत, हे त्या काळात लहानसहान बंड नव्हतं. आज तशी उघड पंगत कुठे मोडली जात नाही, पण शहरांतल्या बायबल अभ्यासाचे गट बहुधा पगार, सोसायटी आणि इंग्रजी येणं-न येणं यांवर आपोआप पडतात. बायका संख्येने जास्त असतात आणि अर्थ सांगायचं काम तरी बहुतेक वेळा पुरुषाकडेच असतं. याला कुणाचा दुष्टपणा कारणीभूत नाही. सोय कारणीभूत आहे, आणि सोयीची दखल बायबलनेच घेतली आहे. करिंथच्या मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण आधी येऊन पोटभर जेवत, पीत, आणि काही उपाशी राहत, असं पौल करिंथकरांच्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात रागाने लिहितो. उशिरा येणारे म्हणजे दिवसभर राबून येणारे मजूर आणि दास असावेत, असा बऱ्याच अभ्यासकांचा तर्क आहे. पौल तिथे प्रभुभोजनाचा अर्थ उलगडतो, पण उपाय साधाच सांगतो. एकमेकांसाठी थांबा. तेव्हा ज्या पाळकांच्या आणि वडीलमंडळाच्या हाती अभ्यासाच्या बैठकीची वेळ आणि जागा ठरवणं आहे, त्यांनी पुढच्या वेळी ती ठरवताना दोन-चार घरची धुणीभांडी आटोपून येणारी बाई आणि दुसऱ्या पाळीवरून सुटणारा कामगार यांना विचारून ठरवावी, आणि त्या दिवशीचं पहिलं वचन त्यांच्यापैकी कुणाला तरी वाचायला द्यावं.